बर्फ नसताना आइस फिशिंग: हिवाळ्यात जलाशयावर, बोटीतून

न्यू जर्सीतला राउंड व्हॅली जलाशय दोन हजार एकरांहून मोठा आणि सुमारे १८० फूट खोल आहे. एवढं पाणी थंड व्हायलाच वेळ लागतो, त्यामुळे बहुतेक हिवाळ्यांत तो पुरता गोठतच नाही. एडिसन-पार्सिपनीकडची आपली मंडळी नोव्हेंबरात रॉड गॅरेजमध्ये टांगतात आणि वसंतात पाण्यात ट्राउट मासे सोडले की काढतात. मधल्या चार महिन्यांत मासे कुठे गेलेले नसतात. ते खोलात, थव्याने, सुस्तावून बसलेले असतात. त्यांना काढायची रीत बर्फावर बसणाऱ्यांनी कधीचीच पक्की केली आहे: लहान आमिष, माशाच्या बरोबर डोक्यावर, आणि सोनारच्या (पाण्यात ध्वनी सोडून खालचं दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर मासा व आमिष दोन्ही दिसत असताना. हीच रीत मोकळ्या पाण्यात चालवायची तर काय बदलावं लागतं, ते इथे दिलं आहे.

मुख्य फरक एकच. बर्फ हलत नाही, बोट हलते. बर्फातल्या भोकातून सोडलेली लाईन आपसूक उभी राहते. बोटीतून सोडलेली तिरकी होते आणि ती तिरकी झाली की या रीतीतला निम्मा जीव गेला.

गणित करून बघा. तुमच्या ट्रान्सड्यूसरचा (सोनारचा पाण्यात ध्वनी सोडणारा भाग) कोन २० अंशांचा असेल तर ४० फुटांवर तो साधारण १४ फूट रुंदीचा गोल बघतो (खोलीला तीनाने भागलं की अंदाज येतो). म्हणजे मध्यापासून ७ फूट. आता ४० फूट लाईन सोडली आणि वाऱ्याने ती १५ अंश कलली, तर जिग (वजन लावलेला हुक, म्हणजे आमिष) १० फूट बाजूला गेली. पडद्यावर मासे दिसतात, जिग दिसत नाही, आणि तुम्ही तासभर रिकाम्या पाण्यात हात हलवत बसता. ९ किंवा १२ अंशांचा अरुंद कोन असेल तर चूक आणखी लवकर घडते. म्हणून नियम असा की रॉडच्या टोकापासून पाण्यात शिरणारी लाईन डोळ्यांना तिरकी दिसली, तर आधी बोट सावरायची. आमिष बदलायचं ते नंतर.

बोट जागेवर धरणं

जीपीएसवर जागा धरून ठेवणारी ट्रोलिंग मोटर (बोट हळू चालवणारी लहान विजेची मोटर) असेल तर निम्मं काम झालं. ती बोटीचं नाक वाऱ्याकडे ठेवते, त्यामुळे मासे पुढच्या टोकाशी बसून मारायचे. मात्र मोटर जागा 'धरते' म्हणजे बोट खिळून राहत नाही. ती ५-६ फूट मागेपुढे होते आणि वारा वाढला की हा झोका वाढतो. ताशी १० मैलांच्या आत वारा असेल तर काम छान चालतं. १५ च्या पुढे लाईन उभी ठेवण्यातच दिवस जातो, आणि फेब्रुवारीत त्या वाऱ्यात पाण्यावर असण्याचं कारणही नाही.

नांगर टाकायचा तर दोरी मोजून न्या. ५० फूट पाण्यात नांगर धरायला किमान १५० फूट दोरी लागते, लाटा असतील तर २५० फूट. एकाच नांगरावर बोट घड्याळाच्या लंबकासारखी डोलते, म्हणून दोन नांगर: एक नाकावरून वाऱ्याकडे आणि दुसरा मागच्या बाजूने, दोरी थोडी सैल ठेवून. मागचा नांगर फक्त डोलणं थांबवण्यापुरता. सगळा ताण मागच्या नांगरावर येऊ दिलात तर लाट मागून बोटीत शिरते. लहान बोटी अशाच बुडतात.

दोन्ही नसेल तर हळूहळू वाहत जा, पण वजन वाढवा. किंवा बोटच विसरा. मरीनाचा धक्का, मासेमारीला परवानगी असलेला पूल, खोल पाण्यावर काढलेला पायर या जागा हलत नाहीत, खाली खांबांच्या आधाराला क्रॅपी आणि पर्च हे मासे बसतात, आणि बर्फावरची छोटी रॉड तिथे जशीच्या तशी चालते. पहिल्या हिवाळ्यात शिकायला याहून बरी जागा नाही.

सोनार: कुठे लावला आहे, हे आधी बघा

सर्रास होणारी चूक ही: ट्रान्सड्यूसर बोटीच्या मागे, मासे मारणारा पुढे, मधे १६-१७ फूट. मग जिग कधीच दिसत नाही आणि दोष यंत्राला मिळतो. पुढे बसत असाल तर ट्रोलिंग मोटरला लावलेला ट्रान्सड्यूसर वापरा आणि लाईन त्याच्यापासून हातभर अंतरावर सोडा. मागे बसत असाल तर मागचा.

बर्फावरचा फ्लॅशर (खाली आत्ता काय आहे तेवढंच दाखवणारा सोनार) असेल तर तोही चालतो. त्याचा ट्रान्सड्यूसर दोरीला टांगलेला असतो. बर्फात तो गुमान लोंबतो, बोटीत लाटेबरोबर झुलतो आणि पडदा नाचायला लागतो. त्याला पाइपच्या किंवा लाकडी दांड्याच्या टोकाला घट्ट बांधा, दांडा बोटीच्या कडेला क्लॅम्पने पकडा आणि तोंड सरळ खाली आहे ना ते बघा. बोट हलवायची वेळ आली की दांडा वर घ्यायला विसरू नका. वेगात तो तुटतो किंवा वळतो. १२ व्होल्टची लहान लेड-अ‍ॅसिड बॅटरी थंडीत लवकर उतरते, त्यामुळे ती तळाच्या ओलीवर न ठेवता फोमवर ठेवा.

साध्या फिशफाइंडरचाही फ्लॅशर करता येतो. स्क्रोलचा वेग सर्वांत जास्त करा, माशांची चित्रं दाखवणारी सोय बंद करा आणि उजव्या कडेला क्षणाक्षणाचा उभा पट्टा दाखवणारा पर्याय असेल तर तो चालू करा, कारण मुख्य चित्र हे घडून गेलेलं असतं आणि आत्ता काय चाललं आहे ते त्या पट्ट्यातच दिसतं. तळाच्या १५-२० फुटांवर झूम लावा. मग जिग खाली सोडा आणि ती बारीक रेघ म्हणून दिसेपर्यंत सेन्सिटिव्हिटी वाढवत न्या. पडदा ठिपक्यांनी भरला तर एक पायरी मागे. बोटीवर दोन यंत्रं एकाच फ्रिक्वेन्सीवर चालू असली की पडद्यावर आडव्यातिडव्या रेघा उठतात. एक बंद करा किंवा दुसऱ्याची फ्रिक्वेन्सी बदला.

रॉड आणि लाईन

२४ ते २८ इंचांची बर्फावरची रॉड बोटीत तोकडी पडते. मासा बोटीखाली वळला की लाईन काठाला किंवा प्रोपेलरला घासते आणि तुटते. पर्च आणि क्रॅपीसाठी ३६ ते ४२ इंचांची चालते. लेक ट्राउट किंवा हायब्रिड स्ट्रायपर असलेल्या पाण्यात ६ फुटांची मीडियम, टोकाला झटपट वाकणारी स्पिनिंग रॉड घ्या. राउंड व्हॅलीत २००२ साली ३२ पौंड ८ औंसांचा लेक ट्राउट निघाला, तो राज्याचा विक्रम आहे. तळाशी काय आहे हे वरून कळत नाही, म्हणून ड्रॅग (रीलचा ब्रेक) आधी सैल करून ठेवा.

लाईनच्या बाबतीत बर्फावरची सवय सोडावी लागते. तिथे २-३ पौंडांची मोनो (एकाच धाग्याची नायलॉन लाईन) वापरतात. ६० फुटांवर ती रबरासारखी ताणली जाते, त्यामुळे झटका हुकपर्यंत पोचत नाही. इथे १० पौंडांची ब्रेड (विणलेली लाईन) घ्या, जाडीला ती २ पौंडांच्या मोनोएवढीच असते. पुढे ५-६ फूट फ्लुरोकार्बन लीडर (आमिषाकडचा टोकाचा तुकडा) लावा: पर्चसाठी ६ पौंड, लेक ट्राउटसाठी १० ते १२. दोन्हींचा सांधा डबल युनी गाठीने. ब्रेडचा एक दोष आहे, ती पाणी पिते. हवा ३२ फॅरनहाइटच्या खाली गेली की रॉडच्या कड्यांत बर्फ धरतो आणि ब्रेड त्यात चिकटून तुटते. अशा दिवशी सरळ ५-६ पौंडांची फ्लुरोकार्बन लाईन भरलेला दुसरा रील न्या. कड्यांतला बर्फ दातांनी किंवा नखांनी फोडू नका, आतली चकती निसटते. रॉडचं टोक पाण्यात बुडवून धरलं की तो सुटतो.

वजन आणि आमिष

बर्फाखाली १/१६ औंसाची टंगस्टन जिग पुरते. बोटीतून ती खाली पोचेपर्यंत बोट सरकलेली असते. साधारण हिशेब असा: ३० फुटांपर्यंत १/८ ते १/४ औंस (३.५ ते ७ ग्रॅम), ५० फुटांच्या आसपास १/२ औंस (१४ ग्रॅम), ७० ते १०० फुटांवर पाऊण ते दीड औंस. लाईन उभी ठेवणारं सर्वांत हलकं वजन हे बरोबर वजन. उगाच जड लावलं तर मासा आमिष तोंडात ओढून घेताना ते जागचं हलत नाही. थंडीत मासा तोंड फार उघडत नाही, त्यामुळे हा फरक लगेच कळतो.

पेटीत एवढं असलं की भागतं:

- उभे, अरुंद स्पून (धातूची चकचकीत आमिषं): स्वीडिश पिंपल किंवा कास्टमास्टरच्या जातीचे, चांदी आणि सोनेरी. तिन्ही हुकांच्या गुच्छावर मिनोचं (लहान माशाचं) डोकं किंवा दोन वॅक्सवर्म (अळ्या).
- ब्लेड बेट (धातूच्या पात्याचं आमिष), १/४ आणि १/२ औंस. हाताला थरथर लागेल एवढंच उचलायचं, सहा इंच पुरे.
- जिगिंग रॅप किंवा तसलं गोल फिरणारं आमिष.
- लेक ट्राउटसाठी ३ ते ४ इंचांची पांढरी ट्यूब (पोकळ, मऊ प्लास्टिकचं आमिष), आत १/२ ते १ औंसाचं जिग हेड.
- टंगस्टन जिगा, १/१६ ते १/८ औंस, पाणी आरशासारखं शांत असेल त्या दिवसासाठी.

यातलं जिगिंग रॅप सर्वांत जास्त फसवतं. उचलल्यावर ते पुढे झेपावतं आणि मग गोल गोल फिरत मध्यावर येऊन थांबतं. हे फिरणं लाईन क्षणभर ढिली असली तरच होतं. बोट सरकत असेल तर लाईन कायम ताणलेली राहते, मग ते फिरत नाही, नुसतं लोंबकळतं. म्हणून ते फक्त बोट नीट थांबलेली असताना. फिरण्याने लाईनला पीळ पडतो, त्यावर उपाय म्हणजे आमिषाच्या १८ इंच वर एक लहान स्विव्हल (गरगर फिरणारी कडी). त्याला पुढे, मागे आणि पोटाखाली असे सगळीकडे हुक असतात, त्यामुळे बुडालेल्या झाडांच्या जागी ते पहिल्याच फेरीत अडकतं. अडकलं तर ओढू नका. बोट नेमकी त्याच्या वर आणा, लाईन ताणा आणि बोटाने टिचकी मारल्यासारखी एकदम सोडा. आमिषाचं स्वतःचं वजनच त्याला सोडवतं.

स्पूनच्या वर ८-१० इंचांवर दोन इंचांच्या आखूड फांदीने एक बारीक माशी बांधली तर पर्च बऱ्याचदा स्पून बघायला येतात आणि माशी खातात. एका लाईनला किती हुक चालतात हे राज्यागणिक वेगळं असतं. बांधण्याआधी यंदाचं नियमपुस्तक बघून घ्या.

मासे सापडल्याशिवाय लाईन सोडायची नाही

बर्फावरची मंडळी वीस-तीस भोकं पाडत फिरतात. बोटीत ड्रिलिंग नाही, हा मोठाच फायदा. ताशी २-३ मैलांनी नागमोडी फिरा आणि पडदा बघत राहा. पाणी ३९ फॅरनहाइटला (४ सेल्सिअस) सर्वांत जड असतं. त्यामुळे वरचं पाणी त्याहून थंड झालं की तळ तुलनेने उबदार राहतो आणि मासे खाली जातात. वारा सतत ढवळत राहिला तर मात्र सगळं पाणी सारखंच थंड होतं. तेव्हा लेक ट्राउट ३० फुटांवरही सापडतो आणि १०० फुटांवरही, त्याला तळच हवा असं राहत नाही.

जलाशय म्हणजे बुडवलेली दरी. जुन्या ओढ्याचं पात्र, त्याच्या काठाची उतरती धार, पात्राची वळणं, धरणाच्या भिंतीजवळचा खोल भाग, पाण्याखालच्या टेकाडाचा माथा ही ठिकाणं आधी. पर्च बहुधा पात्राच्या काठच्या चिखलाच्या सपाटीवर, २५ ते ४५ फुटांत, तळाला चिकटून. क्रॅपी झाडोऱ्याजवळ, पण मधल्या पाण्यात. हायब्रिड स्ट्रायपर लहान माशांच्या ढगाखाली. नकाशावरची खोली जलाशय पूर्ण भरलेला धरून दिलेली असते. पाणी १५ फूट उतरलेलं असेल तर नकाशातला ४० फुटांचा कट्टा आज २५ फुटांवर आहे, हे वजा करून बघा.

थवा दिसला की जीपीएसवर खूण करा, वाऱ्याकडून वळसा घालून या आणि मोटरचा आवाज बंद करून थवा पुढच्या टोकाखाली घ्या. दहा मिनिटांत एकही मासा आमिषाकडे सरकला नाही तर हला. दिसतो पण सरकत नाही, असा मासा कितीही मोठा असला तरी त्याच्यावर सकाळ घालवू नये.

हात कसा चालवायचा

जिग तळाला टेकू द्या. लाईन सैल पडते, तिथे एक-दोनदा आपटून चिखल उडवा, मग दीड-दोन फूट वर घ्या. आता आठ-दहा इंच उचला, टोक आमिषाच्या वेगानेच खाली आणा आणि थांबा. पाणी ४० च्या खाली असेल तर थांबणं दहा सेकंद. नवखे इथेच घाई करतात.

पडद्यावर काय दिसतं ते सांगतो. तळाची जाड पट्टी, तिच्यावर दोन बोटं तुमची बारीक रेघ. तळाच्या पट्टीतून एक फुगवटा सुटा होतो: तो मासा. फुगवटा रेघेकडे चढायला लागला की उचकावणं बंद करा आणि आमिष अगदी हळू, सेकंदाला दोन-तीन इंच, त्याच्यापासून दूर वर न्या. मागे येत असेल तर चार-पाच फूट वर नेऊन थांबा. दोन रेघा एक झाल्या की चावा येतोच असं नाही, पण येतो तो तेव्हाच. मासा मागे फिरला तर पुन्हा खाली पाठलाग करू नका. वरून येणारं आमिष त्याला बुजवतं. लेक ट्राउटचं उलटं आहे. तो मागे लागला की रील भराभर फिरवा. पळणारं भक्ष्य तो सोडत नाही, कधी कधी ७० फुटांवरून थेट बोटीखाली येऊन पकडतो.

चावा धक्क्यासारखा येईल या भरवशावर राहू नका. आमिष खाली जाताना लाईन वेळेआधी थांबली, किंवा उचलताना ओल्या फडक्यासारखं जड लागलं, किंवा उलट वजनच गेल्यासारखं वाटलं, म्हणजे मासा आहे. मनगटाने लहान झटका पुरतो, ब्रेड ताणत नाही.

मासा वर आल्यावर

पर्च, क्रॅपी, बास, वॉलाय यांना हवेची पिशवी पटकन रिकामी करता येत नाही. ३०-३५ फुटांखालून आणलं की पोट फुगतं, डोळे बाहेर येतात, कधी जठर तोंडातून डोकावतं. असा मासा सोडला तरी तो पृष्ठभागावर उताणा तरंगतो. तेव्हा खोलातून 'धरा आणि सोडा' करू नका. खायला हवेत तेवढे काढा आणि उठा, किंवा वजनाने खाली नेऊन सोडणारा क्लॅम्प ठेवा. लेक ट्राउट तोंडावाटे हवा सोडू शकतो. वर येताना बुडबुडे दिसतात ते हेच. त्याला सावकाश आणलं तर सोडता येतो. खाण्यासाठी यलो पर्चला तोड नाही, रव्यात घोळून तळला की मुलंही काटे न काढता खातात, कारण फिले केलेला असतो. मोठा लेक ट्राउट तेलकट, आणि मोठ्या, म्हाताऱ्या माशांत पारा साठतो. किती खावा याचा राज्याचा सल्ला छापलेला असतो, तो पाळा.

थंड पाणी

४० फॅरनहाइटच्या पाण्यात पडल्यावर पहिला एक मिनिट श्वास ताब्यात येत नाही, पुढची सुमारे दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, शुद्ध जायला तासभर लागू शकतो. लोक बुडतात ते बहुधा पहिल्या अकरा मिनिटांत, जाकीट न घातल्यामुळे. पेनसिल्व्हेनियात १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल १६ फुटांखालच्या बोटीत आणि कुठल्याही कनू-कयाकमध्ये, न्यूयॉर्कमध्ये १ नोव्हेंबर ते १ मे २१ फुटांखालच्या बोटीत जाकीट अंगावर असणं कायद्याने बंधनकारक आहे. न्यू जर्सीतही घाला. राउंड व्हॅलीत वारा डोंगरांमधून अचानक सुटतो, तिथे बुडालेल्या काहींचे मृतदेह आजवर सापडलेले नाहीत. तिथे आणि स्प्रूस रन जलाशयात मोटर १० अश्वशक्तीच्या आतलीच चालते, मेरिल क्रीक जलाशयात फक्त विजेची. म्हणजे वादळ आलं तर पळून किनाऱ्याला यायची सोय नाही, अंदाज बघूनच निघायचं. एकट्याने जाऊ नका, सुके कपडे गाडीत ठेवा, बोटीवर परत चढायची शिडी पाण्यातून हाताला येते का ते उन्हाळ्यातच करून बघा.

आडोशाच्या खाड्यांत पातळ बर्फ धरतो. बोटीने तो फोडत जाऊ नका, त्याची धार फायबरग्लासला कापते. परत आल्यावर ट्रेलरवरून गळणारं पाणी रॅम्पवर मिनिटांत गोठतं आणि गाडीची चाकं घसरतात, म्हणून एक बादली वाळू किंवा मांजराच्या पेटीतली खडी बरोबर ठेवा. रॅम्पच्या वर आल्यावर तळाचं बूच काढा आणि आउटबोर्ड पूर्ण खाली करून पाणी निथळू द्या. आत राहिलेलं पाणी रात्रीत गोठलं तर पंप फुटतो.